‘किरकोळ बदल’ म्हणजे नेमका कोणता?

लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्यांचा फोन आला, “ताई, एकाच ट्रॉलीची दोन वजनं कशी?” काट्यावरचं वजन वाचणारा प्रोग्राम आम्ही लिहितो; नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या ऑफिसात मी गारच पडले. वजन वाचण्याआधी २ सेकंद थांबणारी कोडची एक ओळ मी आदल्या दिवशीच उगाचची समजून काढली होती. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या ‘गिट’मध्ये, कोणती ओळ कोणत्या बदलात आली ते सांगणारा ‘गिट ब्लेम’ मी जुन्या फाइलवर चालवला. त्याने मूळ कमिट, म्हणजे त्या बदलाची नोंद, दाखवलं. त्यासोबत लिहिलेला मजकूर एवढाच: ‘किरकोळ बदल’.

ती ओळ लिहिणाऱ्या दादाने आता नोकरी सोडली आहे. त्यालाच फोन लावला. ट्रॉली काट्यावर चढली की आकडा काही क्षण हलत राहतो, म्हणून ते थांबणं. हे कोडमधून मला कधीच कळलं नसतं. काय बदललं ते डिफ, म्हणजे जुन्या-नव्या कोडमधला फरक, दाखवतोच. का बदललं ते लिहिणाऱ्यालाच माहीत असतं.

ती ओळ परत टाकताना मी कमिटचा मजकूर एका ओळीत उरकणारं ‘-एम’ वापरलं नाही, सविस्तर लिहायला एडिटर उघडू दिला. पहिली ओळ पन्नास अक्षरांच्या आतली: ‘काटा स्थिर होईपर्यंत २ सेकंद थांब’. मग एक ओळ मोकळी. खाली हलणारा आकडा, लासलगावची तक्रार, आणि थांबणं काढलं तर काय बिघडतं, सगळं सविस्तर. चार मिनिटं लागली.