काकूंचं दूध आलं की मशीन बिघडायचं

तिसऱ्या दिवशी सकाळी पावणेसहाला परत सचिव काकांचा फोन आला तेव्हाच मी ठरवलं की आज ऑफिसला जायचं नाही, थेट गावात जायचं. मी दूध संकलन केंद्राचं सॉफ्टवेअर करते, कोल्हापूरकडच्या खेड्यातल्या दूध संस्थांसाठी. काम सरळ आहे. उत्पादक येतो, त्याचा कोड टाकायचा, स्क्रीनवर नाव येतं, वजनकाट्यावरून लिटर येतात, टेस्टरवरून फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) येतात, दरपत्रकातून दर निघतो आणि मराठीत पावती छापून हातात. सगळं मिळून पंधरा-वीस सेकंदांचं काम, पण मागं रांग उभी असते आणि प्रत्येकाला घरी जाऊन शेताकडं पळायचं असतं, त्यामुळं मशीन दोन मिनिटं जरी अडलं तरी लगेच आवाज चढतो.

आमचं हे सॉफ्टवेअर सी ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेलं, जुनं. वर्षानुवर्षं ते एआरएम जातीचा प्रोसेसर असलेल्या छोट्या बोर्डवर चाललं, काही तक्रार नाही. ते बोर्ड मिळेनासे झाले म्हणून आम्ही नवीन मशीन काढलं, आत एक्स-८६ जातीच्या प्रोसेसरवाला छोटा पीसी. कोड तोच, लिनक्स तेच, फक्त परत कंपाइल केलं, म्हणजे त्याच कोडचा नव्या प्रोसेसरसाठी प्रोग्राम बनवला. ऑफिसात आमचे सगळ्यांचे कॉम्प्युटर एक्स-८६ च आहेत, रोजच्या टेस्ट त्याच्यावरच चालतात आणि सगळ्या हिरव्या, म्हणजे पास होत्या, म्हणून बिनधास्त होतो. पहिलं मशीन या गावात बसवलं आणि दुसऱ्याच सकाळी मधेच पावत्यांवर दर शून्य यायला लागला. कधी शून्य, कधी प्रोग्रामच बंद. बंद-चालू केलं की व्यवस्थित.

पहिल्या दिवशी मी तेच केलं जे सगळे करतात, लॉग टाकले, म्हणजे प्रोग्राम काय करतोय ते त्यालाच लिहून ठेवायला लावलं. दर काढायच्या फंक्शनच्या आधी एक प्रिंट, नंतर एक प्रिंट, लॉग साठवायला मेमरीत एक छोटी राखीव जागा म्हणजे बफर, आणि तो बिल्ड, म्हणजे तयार झालेला प्रोग्राम, रिमोटवरून पाठवला. संध्याकाळचं संकलन नीट झालं, एकही शून्य नाही. मी खूश, कशानं थांबलं ते कळलं नव्हतं तरी खूश, आणि हीच माझी मोठी चूक, कारण न समजता थांबलेला बग थांबलेला नसतो. दुसऱ्या दिवशी दर बरोबर होते पण पावतीवरचं संस्थेचं नावच कचरा छापून आलं. मी टाकलेल्या बफरमुळं मेमरीतली मांडणी सरकली होती, म्हणजे दणका तोच होता, फक्त आता तो दुसऱ्याच व्हेरिएबलवर बसत होता. त्या वेळी मला हे एवढं स्पष्ट दिसत नव्हतं, इतकंच कळत होतं की कोणीतरी कुठंतरी भलत्या जागी लिहितंय.

मग मेमरीतल्या चुका शोधणारं वॅलग्राइंड लावलं, ऑफिसातल्या टेस्ट डेटावर. शून्य एरर. गिट बायसेक्ट करावं म्हटलं, म्हणजे कोडमधले नोंदवलेले बदल (कमिट) निम्मे निम्मे करत बिघाड शोधायचा. बायसेक्ट मला फार आवडतं, हजार कमिट असले तरी दहाएक फेऱ्यांत नेमका बिघडवणारा कमिट हातात येतो. पण त्याला सुरुवातीला एक चांगलं आणि एक वाईट व्हर्जन द्यावं लागतं. मी मुद्दाम तीन वर्षांपूर्वीचं, गावोगावी मुरलेलं व्हर्जन नव्या मशीनवर टाकलं आणि सचिवांना सकाळी तेच चालवायला सांगितलं. पावणेसहाचा फोन त्याचाच होता. तेसुद्धा पडलं. म्हणजे चांगलं व्हर्जन मुळात नव्हतंच, बायसेक्ट करणार कशाचं! मात्र त्यातून एक गोष्ट पक्की झाली की आम्ही अलीकडं काही बिघडवलेलं नाही, जे आहे ते पहिल्यापासून आत बसलेलं आहे आणि नव्या मशीननं फक्त बाहेर काढलंय.

साडेसातला पोचले. संकलन संपत आलेलं, कॅन धुवायचं चाललेलं. सचिव काका एक शब्द वाकडा बोलले नाहीत, त्यांनी आधी चहा दिला, मग वही पुढं केली. मशीनवर विश्वास बसेपर्यंत ते सगळं हातानंही लिहीत होते, कोड, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, ओळीनं, आणि म्हणूनच कोणाचा एक रुपया बुडाला नव्हता. वहीत जिथं मशीन बिघडलं तिथं त्यांनी लाल पेनानं फुली मारली होती. तीन दिवसांच्या सकाळ-संध्याकाळच्या फुल्या. मी चाळत होते तर ते म्हणाले, "ताई, एक सांगू का, रागावू नका. ह्या एका काकू आल्या की मगच होतंय बघा. त्यांच्या आधी कधी न्हाई. आमची माणसं आता त्यांना म्हणाय लागल्यात, तुम्ही सगळ्यात शेवटी या."

माझ्या पोटात गोळा आला. एक बाई पहाटे उठून म्हशी पिळून दूध घेऊन येते आणि आमच्या कोडमुळं तिला रांगेत शेवटी उभं राहावं लागतं. मी फुल्या मोजल्या. शून्य दर जेव्हा जेव्हा आला तेव्हा फुली त्यांच्याच कोडवर. मधल्या, माझ्या लॉगवाल्या बिल्डच्या दिवशीच्या फुल्या मात्र दुसऱ्याच दोन कोडवर होत्या.

तीन दिवस मी ज्याला कधी होतं कधी नाही म्हणत होते ते तसं नव्हतंच, ठराविक माणूस आला की ठराविक गोष्ट होत होती. मी वहीच्या पानांचे फोटो काढले, मशीनमधला सगळा डेटा आणि सकाळी पडलेल्या प्रोग्रामचा कोअर डंप कॉपी केला आणि ऑफिसला परत.

कोअर डंप म्हणजे प्रोग्राम मेला त्या क्षणीची त्याची मेमरी. आम्ही गावाला जो बिल्ड पाठवतो त्यातून डीबगची माहिती काढून टाकतो, पण प्रत्येक बिल्डची न काढलेली प्रत ऑफिसात जपून ठेवतो, त्यामुळं जीडीबी ह्या बग शोधायच्या प्रोग्राममध्ये डंप उघडून बीटी (कुठल्या फंक्शनमधून कुठं पोचला ते दाखवणारी आज्ञा) म्हटलं की फंक्शनची नावं आणि ओळ नंबर सगळं दिसलं. दर काढायच्या फंक्शनमध्येच पडलेला. दरपत्रकाचा जो ग्लोबल पॉइंटर आहे, म्हणजे दरपत्रक मेमरीत कुठं आहे तो पत्ता, तो वरवर नीट दिसत होता, पत्ता खरा, नल म्हणजे रिकामा नाही. पण तिथं दराचे आकडे नव्हते, बॅकस्लॅश ३४०, २४४, अमुक, परत ३४०, २४५, तमुक, असं चाललेलं. मी बराच वेळ बघत बसले आणि मग एकदम लक्षात आलं. हे ऑक्टलमध्ये, म्हणजे आठाच्या पद्धतीत छापलेले बाइट आहेत, आणि यूटीएफ-८ ह्या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा तीन बाइटची असते, पहिला बाइट कायम ३४०, दुसरा २४४ नाहीतर २४५. ही मराठी होती! अक्षरं लावून वाचली तर त्या काकूंचं नाव आलं, आडनावासकट. दरपत्रकाचा पॉइंटर काकूंच्या रेकॉर्डकडं बोट दाखवत होता, प्रोग्राम त्यांच्या नावात आणि त्याच्या पुढच्या रिकाम्या मेमरीत दर शोधत होता. रिकामी जागा लागली की दर शून्य, आणि शोधत शोधत हद्दीबाहेर गेला की सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे प्रोग्रामच बंद.

आता कोणी लिहिलं तेवढं शोधायचं होतं. टेबलावर नव्या मशीनचा दुसरा पीस होता. त्यावर गावचा डेटा टाकला, तोच बिल्ड जीडीबीखाली चालू केला, आणि दरपत्रक लोड झाल्यावर त्या पॉइंटरवर वॉचपॉइंट लावला. ब्रेकपॉइंट कोडच्या ओळीवर थांबतो, वॉचपॉइंट मेमरीच्या जागेवर पहारा देतो, कोणीही तिथली किंमत बदलली की लगेच पकडतो. एक्स-८६ प्रोसेसरमध्ये ह्यासाठी ८०३८६ पासून चार खास रजिस्टर आहेत, म्हणून प्रोग्राम जराही मंदावत नाही. मग सचिवांची वही समोर ठेवून त्याच क्रमानं एकेक कोड टाकत गेले, शेजारी बसलेला सहकारी वाचून दाखवतोय, मी टाकतेय. छत्तीस झाले, काही नाही. सदतिसावा काकूंचा. एंटर दाबलं आणि जीडीबी थांबला. जुनी किंमत, नवी किंमत, फाइल, ओळ. आम्ही दोघंही मिनिटभर काही बोललो नाही.

ओळ होती सभासदाला टेबलमध्ये टाकायची. आमचं एक जुनं हॅश टेबल आहे, उत्पादकांचे कोड यायच्या आधीच्या काळातलं, नावावर चालणारं. नावातल्या सगळ्या बाइटची बेरीज करायची, ९७ नं भागायचं, बाकी उरेल त्या खणात ठेवायचं. बाकी ० ते ९६, खण ९७, चूक कुठंय? इंडेक्स, म्हणजे खणाचा नंबर, बघायला गेले तर ऑप्टिमाइज्ड आउट, कंपायलरनं तो ठेवलाच नव्हता. मग पत्त्यांची वजाबाकी केली, लिहिलेली जागा वजा टेबलची सुरुवात, भागिले आठ, कारण एक खण आठ बाइटचा. उणे ४१. टेबलच्या आधीच्या मेमरीत, एक्केचाळीस खण अलीकडं, आणि तिथं दरपत्रकाचा पॉइंटर राहत होता.

बाकी उणे कशी येईल म्हणून मी वहीवर हातानं करून बघितलं, नाव म्हणून नुसतं "दूध" घेतलं. द, दीर्घ ऊकार, ध, म्हणजे नऊ बाइट. सी मध्ये char हा एका बाइटचा टाइप चिन्हवाला (उणे-अधिक) की बिनचिन्हाचा हे भाषेनं ठरवलेलं नाही, ते कंपायलर आणि मशीनवर सोडलंय. एआरएमच्या लिनक्सवर बिनचिन्हाचा, ० ते २५५. तिथं बेरीज १६२८, ९७ नं भागून बाकी ७६, उत्तम. एक्स-८६ वर तोच char चिन्हवाला, उणे १२८ ते १२७. देवनागरीचा प्रत्येक बाइट १२७ च्या वरचा, म्हणजे प्रत्येक बाइट उणे. बेरीज उणे ६७६, आणि सी मध्ये उणे संख्येची बाकी उणेच येते, उणे ९४. इंग्रजी अक्षरं मात्र सगळी १२८ च्या खाली, त्यांची बेरीज कुठल्याही मशीनवर धनच.

आता सगळं जुळलं. गावोगावी मराठी नावं होती पण बोर्ड एआरएमचे. ऑफिसात एक्स-८६ होतं पण टेस्टमधली सगळी नावं इंग्रजी, टेस्ट वन, टेस्ट टू, ए बी सी पाटील. मराठी नाव आणि एक्स-८६ ह्यांची गाठ एवढ्या वर्षांत एकदाही पडली नव्हती, ती त्या गावात पहिल्यांदा पडली. आणि नवीन मशीनवर जवळजवळ प्रत्येक मराठी नाव टेबलच्या बाहेर लिहीत होतं, फक्त बाकीच्यांच्या जागी महत्त्वाचं काही नव्हतं. काकूंचा दोष एवढाच की त्यांच्या नावाची बेरीज नेमकी दरपत्रकावर पडली.

खात्री दोन्ही बाजूंनी केली. एक्स-८६ वर फक्त char बिनचिन्हाचा करायचा फ्लॅग देऊन कंपाइल केलं, वहीची सगळी सकाळ परत टाकली, सगळे दर बरोबर. मग जुना एआरएमचा बोर्ड कपाटातून काढला, त्यावर उलटा फ्लॅग दिला आणि सोबत अ‍ॅरेची हद्द तपासणारा सॅनिटायझर लावला. काकूंचा कोड टाकल्याबरोबर एका ओळीत आलं, इंडेक्स उणे ४१, हद्दीबाहेर, फाइल अमुक, ओळ अमुक. म्हणजे हा सॅनिटायझर आणि दहा मराठी नावं आमच्या रोजच्या टेस्टमध्ये असती तर हा बग गावात पोचलाच नसता. वॅलग्राइंडवर मी उगाच विसंबले होते, त्याचा मेमचेक ग्लोबल अ‍ॅरेची हद्द बघतच नाही, त्याची नजर मुख्यतः मॅलॉकनं, म्हणजे प्रोग्रामनं चालता चालता मागून, घेतलेल्या मेमरीवर असते, त्यामुळं मराठी नावं दिली असती तरी ही लिहिण्याची ओळ त्यानं दाखवली नसती. कंपायलरची char नं इंडेक्स करू नका अशी वॉर्निंग असते, पण आमच्याकडं बेरीज आधी इंट ह्या पूर्णांकाच्या टाइपमध्ये जात होती, म्हणून तीही गप्प.

दुरुस्ती दोन शब्दांची. बाइट वाचताना अनसाइन्ड म्हणजे बिनचिन्हाचा, बेरीजही अनसाइन्ड. त्यासोबत टेस्टमधली इंग्रजी नावं मी त्याच रात्री काढून टाकली. जोडाक्षरं, रफार, अनुस्वार, ळ, ऱ्य, दीड ओळीची लांब नावं, मराठी-इंग्रजी मिसळलेली, असली चारशे नावं बनवून घातली, आणि प्रत्येक कमिटला सॅनिटायझर लावलेला बिल्ड ह्या नावांवर चालतो. पहिल्याच रात्री ह्या नव्या टेस्टनी अजून एक जागा दाखवली, पावतीवर नाव बसवताना ठराविक बाइटवर कापत होतो आणि शेवटचं अक्षर मधोमध तुटत होतं, ते वर्षानुवर्षं चौकोन होऊन छापलं जात असणार आणि कोणी तक्रारही केली नाही, ह्याचं मला खरंच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी परत गावात होते. काकू आल्या, सवयीनं बाजूला भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. सचिव काका म्हणाले, "या वैनी, पुढं या, आज मॅडम आल्यात." कोड टाकला, नाव आलं, फॅट साडेसहा, दर आला, पावती आली. त्यांनी पावती डोळ्याजवळ नेऊन नीट वाचली, घडी घालून कनवटीला लावली आणि मला विचारलं, "माझ्या नावाचं काय हुतं गं?" मी म्हटलं, काकू, नावात काही नव्हतं, आमची बेरीज चुकत होती. त्या बरं म्हणाल्या आणि किटली घेऊन गेल्या.

सचिव काकांनी वही मात्र बंद केली नाही, आणि मीही करा म्हटलं नाही. दहा दिवसांचं बिल निघालं तेव्हा त्यांनी वही आणि मशीन पैशाला पैसा ताडून बघितलं आणि मगच फोन केला.