माझा अनुभव : पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल्स, आधी अंदाज मग रीडिंग

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी रसायन, भौतिक आणि सी प्रोग्रामिंग अशा तीन लॅबची जर्नल्स पूर्ण करावी लागतात. विषय वेगळे असले तरी तिन्हीकडे मी एकच शिस्त पाळली. लॅबमध्ये जाण्याआधी उत्तर साधारण किती यायला हवं, ते रफ वहीच्या कोपऱ्यात काढून ठेवायचं. उत्तर जुळवून आणायला याचा उपयोग नाही. पण रीडिंग अंदाजापासून लांब गेलं की उपकरण टेबलावर मांडलेलं असतानाच कळतं, आणि तेव्हाच ते दुरुस्त करता येतं. घरी फेअर करताना कळलं तर आकडे खोडण्यापलीकडे काही हातात राहत नाही.

पाण्याच्या हार्डनेसचं, म्हणजे जडपणाचं, टायट्रेशन घेऊ. यात ईडीटीए या रसायनाचं द्रावण ब्यूरेटमधून (तोटी असलेल्या मोजनळीतून) पाण्याच्या नमुन्यात सोडायचं आणि रंग बदलेपर्यंत किती लागलं ते मोजायचं. ईडीटीएचं द्रावण 0.01 मोलर असेल तर त्याच्या 1 मिलीला 1 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट हा हिशेब पाठ करून टाकावा. नमुना 50 मिली घेतला आणि 12.4 मिली द्रावण लागलं, तर 12.4 गुणिले 20 म्हणजे 248 पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम). पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 या मानकात 200 ही स्वीकारार्ह मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत मुभा आहे. म्हणजे 50 मिलीला 10 ते 30 मिली ही पट्टी डोक्यात ठेवायची. बोअरच्या पाण्याला 2 मिलीतच रंग बदलला, तर पाण्याचं कौतुक करण्याआधी बफर (पीएच, म्हणजे आम्लतेची पातळी, स्थिर ठेवणारं द्रावण) घातला होता का ते आठवावं.

द्रावण स्वतः करायचं असेल तर 250 मिलीला 0.93 ग्रॅम डायसोडियम ईडीटीए लागतं. बाटलीवर डायसोडियम लिहिलंय ना, हे बघूनच वजन करावं. नुसतं ईडीटीए आम्ल पाण्यात जवळपास विरघळत नाही. डायसोडियमसुद्धा सावकाश विरघळतं. त्यामुळे तळाशी कण दिसत असताना फ्लास्क खुणेपर्यंत भरायचा नाही.

धुण्याचा क्रम हा व्हायवातला (तोंडी परीक्षेतला) ठरलेला प्रश्न, पण त्याचा परिणाम रीडिंगवरही होतो. ब्यूरेट ईडीटीएने खळबळायची, पिपेट (नमुना मोजून घ्यायची नळी) नमुन्याने, आणि कोनिकल फ्लास्क फक्त डिस्टिल्ड वॉटरने. घाईत फ्लास्क नळाखाली धुतला आणि तळाशी 1 मिली पाणी राहिलं, तर 248 पीपीएमच्या त्या पाण्यातून पाव मिलिग्रॅम जडपणा आत जातो आणि रीडिंग 12.4 ऐवजी 12.65 च्या आसपास येतं. दोन रीडिंग जुळतात आणि तिसरं जुळत नाही, यामागे बरेचदा एवढंच असतं. डिस्टिल्ड वॉटर मात्र फ्लास्कमध्ये थोडं राहिलं तरी चालतं, कारण नमुन्यातलं कॅल्शियम तेवढंच राहतं.

ब्यूरेट भरली की तोटीतला हवेचा बुडबुडा काढायचा आणि फनेल उचलून ठेवायचं. बुडबुडा मध्येच निघाला तर त्याची जागा द्रावण घेतं आणि रीडिंग जास्त येतं. फनेल तसंच राहिलं आणि त्यातून थेंब पडले, तर उलट कमी येतं. हे दोन्ही एकाच टायट्रेशनमध्ये झालं तर बरोबर उत्तर आल्यासारखं वाटतं, ते तर आणखीच वाईट.

आता रंग. अमोनिया आणि अमोनियम क्लोराइडच्या बफरने पीएच 10 ठेवायचा असतो. 50 मिलीला साधारण 2 मिली बफर पुरतो. बफरची बाटली दिवसभर उघडी राहिली की अमोनिया उडून जातो, पीएच उतरतो आणि एंड पॉइंट (रंग पूर्ण बदलून थांबायची वेळ) जांभळ्यातच रेंगाळतो. अशा वेळी आधीच्या बॅचची बाटली न वापरता ताजा बफर मागावा. रंग दाखवणाऱ्या एरिओक्रोम ब्लॅक टीचं द्रावणही जुनं झालं की खराब होतं. मिठात घोटलेली कोरडी पूड मिळाली तर तीच घ्यावी, चिमूटभर. जास्त टाकली तर रंग इतका गडद होतो की वाइन रेडचा निळा कधी झाला तेच दिसत नाही. शेवटाकडे प्रक्रिया संथ असते. जांभळी छटा दिसली की एकेक थेंब टाकून दोन-तीन सेकंद हलवायचं, लालसरपणाचा शेवटचा मागमूस गेला की थांबायचं. फ्लास्कखाली पांढरा कागद हवाच. ट्यूबलाइटखाली आणि खिडकीपाशी रंग वेगळा वाटतो, म्हणून सगळी रीडिंग्ज एकाच जागी घ्यावीत.

कायम जडपणा (उकळूनही न जाणारा) काढताना पाणी उकळून, गाळून, पुन्हा मूळ आकारमानाला आणावं लागतं. हे शेवटचं पाऊल बऱ्याच जणांकडून राहतं. 250 मिली उकळून 200 झालं आणि डिस्टिल्ड वॉटर घालून परत 250 केलं नाही, तर उरलेला जडपणा सव्वापट दिसतो. खरा 220 असेल तर उत्तर 275 येतं, म्हणजे एकूण 248 पेक्षा जास्त! एकूणातून कायम वजा करताना तात्पुरता (उकळल्यावर जाणारा) जडपणा उणे आला की कारण बहुधा हेच.

भौतिकमध्ये न्यूटनच्या रिंग्जचा प्रयोग लोकांना उगाच अवघड वाटतो. यात काचपट्टीवर ठेवलेल्या भिंगाखाली दिसणाऱ्या काळ्या-उजळ रिंग्जचे व्यास मोजायचे असतात. सोडियमच्या प्रकाशाची तरंगलांबी 589.3 नॅनोमीटर. भिंगाची वक्रतात्रिज्या 100 सेंटिमीटर असेल तर व्यासाच्या वर्गाचा आलेख प्रत्येक रिंगमागे 0.0236 चौरस सेंटिमीटरने चढायला हवा. यावरून 10 व्या काळ्या रिंगचा व्यास 0.486 सेंटिमीटर आणि 20 व्या रिंगचा 0.687. हे दोन आकडे वहीत असले की मायक्रोस्कोप कुठपर्यंत सरकवायचा याचाही अंदाज येतो.

ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपची मुख्य पट्टीचा एक भाग 0.05 सेंटिमीटरचा आणि व्हर्नियरचे (सरकत्या छोट्या पट्टीचे) भाग 50 असतील तर लीस्ट काउंट (मोजता येणारं सर्वांत लहान माप) 0.001 सेंटिमीटर. स्क्रू एकाच दिशेने फिरवायचा. डावीकडे 20 व्या रिंगच्याही पलीकडे जाऊन परत वळायचं आणि मग डावीकडून उजवीकडे न थांबता सगळी रीडिंग्ज घ्यायची. एखादी रिंग हुकली म्हणून मागे फिरवलं की आट्यांमधली ढील रीडिंगमध्ये शिरते. हुकली तर ती ओळ रिकामी ठेवावी, आलेखाला काही फरक पडत नाही.

मधला ठिपका काळा दिसायला हवा. तो उजळ दिसला तर भिंग आणि काचपट्टीच्या मध्ये धूळ आहे, पुसून पाहावं. तरी दिसलाच, किंवा मधल्या ठिपक्यालाच पहिली रिंग धरून मोजलं गेलं, तरी रीडिंग्ज फेकून द्यायची गरज नाही. क्रमांक एकाने सरकतो, रेषा सगळी मिळून सरकते, चढ तोच राहतो. उत्तर चढावरून काढायचं म्हणतात ते याचसाठी. फक्त रेषा मुद्दाम शून्यातून ओढायची नाही. सोडियमचा दिवा मात्र लॅबमध्ये शिरल्याबरोबर लावावा, कारण पूर्ण पिवळा व्हायला त्याला काही मिनिटं लागतात.

सीच्या लॅबमध्ये लोक अंदाज बांधतच नाहीत, कारण कॉम्प्युटर चुकणार नाही असा विश्वास. फॅक्टोरियलचाच (1 पासून त्या आकड्यापर्यंतच्या गुणाकाराचा) प्रोग्राम बघा. जुन्या टर्बो सी या कंपायलरमध्ये इंट (पूर्णांक ठेवायचा प्रकार) 16 बिटांचा असतो आणि 32767 पर्यंतच जातो. तिथे 7 चं फॅक्टोरियल 5040 बरोबर येतं, 8 चं 40320 ऐवजी उणे 25216. जीसीसी या कंपायलरमध्ये इंट 32 बिटांचा, म्हणून 12 पर्यंत ठीक. 13 ला मात्र 1932053504 छापून येतं. हा आकडा अधिक आहे, मोठा आहे, दिसायला अगदी खरा आहे, आणि साफ चुकीचा आहे. खरं उत्तर 6227020800. लाँग लाँग हा मोठा प्रकार घेतला तर 20 पर्यंत निभतं. लॅबमध्ये जीसीसी असताना जर्नलमध्ये उणे 25216 लिहिलेलं असेल, तर ते सीनियरच्या वहीतून आलंय हे सरांना पान उलटताच कळतं.

बाकी नेहमीचे घोळ थोडेच आहेत. आधी आकडा आणि मग एक अक्षर वाचायचं असेल तर आकड्यानंतर दाबलेलं एंटर इनपुटच्या बफरमध्ये (टाइप केलेलं तात्पुरतं साठतं तिथे) पडून असतं, आणि अक्षर वाचणारं स्कॅनएफ हे फंक्शन तेच उचलतं. स्कॅनएफमधल्या परसेंट सी (अक्षर वाचायची खूण) च्या आधी एक स्पेस दिली की भागतं. तीन विषयांचे गुण 45, 46, 46 असतील तर 137 भागिले 3 हे इंटमध्ये 45 येतं, म्हणून 3.0 ने भागावं. फाइलमधली शेवटची नोंद दोनदा छापली जाते, कारण एफईओएफ हे फंक्शन वाचन फसल्यानंतरच खरं होतं. त्यापेक्षा फाइल वाचणाऱ्या एफस्कॅनएफने किती गोष्टी वाचल्या तेच लूपच्या अटीत तपासावं. वर्गमुळाचा प्रोग्राम घरी विंडोजवर चालतो आणि लॅबच्या उबुंटूवर लिंकच होत नाही, तेव्हा कमांडमध्ये फाइलच्या नावानंतर हायफन एलएम (गणिताची लायब्ररी जोडायचा पर्याय) लिहायचं राहिलेलं असतं. फाइलच्या नावाआधी लिहिलं तर बऱ्याचदा उपयोग होत नाही. आणि हायफन डब्ल्यू-ऑल (कंपायलरचे इशारे दाखवणारा पर्याय) लावल्याशिवाय कंपाइल करूच नये. स्कॅनएफमधला राहिलेला अँपरसँड तो तिथेच दाखवतो, नाहीतर सेगमेंटेशन फॉल्ट (प्रोग्राम मध्येच कोलमडणं) बघत बसावं लागतं.

जर्नलबद्दल फार सांगण्यासारखं नाही. निरीक्षणं आणि आकृत्या डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलने, बाकी उजवीकडे पेनने. रफ वहीतल्या रीडिंगवर त्याच दिवशी सही घ्यावी. सबमिशनच्या आठवड्यात स्टाफरूमबाहेर लागणाऱ्या रांगेत मग फक्त इंडेक्स आणि सर्टिफिकेटपुरतं उभं राहावं लागतं.

परीक्षेत सीची स्लिप (प्रश्नाची चिठ्ठी) अवघड निघाली, तर पर्यायांचा मेनू आधी लिहावा आणि एकेक पर्याय भरत प्रत्येक वेळी कंपाइल करावं. जे फंक्शन जमत नाही ते कॉमेंटमध्ये टाकावं. तीन पानं लिहूनही कंपाइल न होणाऱ्या प्रोग्रामचं आउटपुट दाखवता येत नाही. चारपैकी दोन पर्याय चालत असतील तर परीक्षकांसमोर ते चालवून दाखवता येतात आणि तेवढे मार्क हातात पडतात.