आमचं काही म्हणणं नाही

दुपारी अडीचला वास्को पेंगतं. दुकानांची शटरं अर्ध्यावर, कुत्री सावलीला. मीही भरपेट जेवून मुरगाव बंदराकडे तोंड करून बसलो होतो आणि क्रेनांच्या गर्दीत उगाचच जर्मन जहाजं शोधत होतो. जुनी खोड. युद्धात कोण जिंकलं यापेक्षा कुंपणावर कोण बसलं, याचंच मला भारी कुतूहल.

१९३९ साली एहरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही तीन जर्मन जहाजं इथे आश्रयाला शिरली. आन्फोरा नावाचं एक इटालियनही होतं. गोवा पोर्तुगालचा, पोर्तुगाल तटस्थ, त्यामुळे आत कुणी हात लावायचा नाही आणि बाहेर पडायची सोय नाही. मार्च १९४३ मध्ये कलकत्त्याचे पोट सुटलेले हौशी गोरे घोडदळवाले (घोडे अर्थातच घरी) 'फीबी' नावाच्या जुनाट बार्जमधून आले आणि रात्री एहरेनफेल्सवर चढले. ते बघून बाकीच्या खलाशांनी आपली जहाजं आपणच पेटवली. इंग्रजांनी पुढे कित्येक वर्षं कानावर हात ठेवले.

तिकडे लिस्बनमध्ये पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार. मुळात अर्थशास्त्राचा प्राध्यापक, हिशेबाला पक्का. रणगाडे फोडणाऱ्या गोळ्यांना लागतं ते वुल्फ्रॅम त्याने दोन्ही बाजूंना विकलं. इंग्लंडशी तह १३७३ चा, त्याला स्मरून १९४३ मध्ये अटलांटिकमधल्या आपल्या अझोर्स बेटांवरचे तळही दिले. जर्मनांचं वुल्फ्रॅम मात्र जून १९४४ पर्यंत बंद केलं नाही.

आमची आजी यात मुरलेली होती. वाड्यात नळावरून दोन जावांचं वाजलं की एकीकडून वाटीभर आमटी यायची, दुसरीकडून कोशिंबीर. आजी दोघींना आळीपाळीने "तुझंच खरं गं" म्हणायची आणि दोन्ही वाट्या विसळून, आत चिमूटभर साखर घालून परत पाठवायची. आम्हां पोरांना त्या भांडणाच्या दिवसांत जेवायला भारी मजा.

आग्नेय आशियातल्या तिमोर बेटाचा पूर्व भागही पोर्तुगालचाच, म्हणजे तटस्थच. डिसेंबर १९४१ मध्ये तिथे आधी ऑस्ट्रेलियन आणि डच सैनिक न विचारता उतरले, फेब्रुवारीत त्यांच्या मागोमाग जपानी. पुढच्या साडेतीन वर्षांत उपासमारीने आणि सूडाच्या कत्तलींत चाळीस ते सत्तर हजार तिमोरी माणसं मेली, असा अंदाज आहे. सालाझारने दोन्हीकडे निषेधाचे खलिते धाडले. युद्ध कुणाशीच पुकारलं नाही.