चार्जिंग संपलं नव्हतं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. गेल्या मार्चपासून नव्या पेठेत, लग्नाच्या पंगतीत, आमच्या टॉवेलच्या कारखान्याच्या गेटवर, जो भेटतो त्याचा एकच प्रश्न: "करंटच्या गाडीच्या रॅलीला गेल्ता म्हणं? मग, मधीच चार्जिंग संपलं का न्हाई?"

नाही संपलं. सोलापूर, तुळजापूर, नळदुर्ग आणि परत सोलापूर, आडवाटांसकट दीडशे किलोमीटर करून घरी आलो तेव्हा ३१ टक्के शिल्लक होतं. हे ऐकलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. आमची फजिती झाली नाही असं मात्र समजू नका. ती कुणी विचारत नाही तिथे झाली.

आम्ही तिघं. गाडी दाजींची, ड्रायव्हर तेच. भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, म्हणून चार्जिंगचा हिशेब त्याच्याकडे. मी कारखान्यात जमाखर्च लिहितो, म्हणून नॅव्हिगेटर, म्हणजे शेजारी बसून वाट आणि वेळ सांगणारा. ताईने कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली.

पहिला घोळ रॅलीच्या आधल्या रात्रीच. दाजींचं घर जुन्या पेठेतलं. १५ अँपिअरच्या प्लगला वायर लावली तर चार्जरवर लाल दिवा. भाचा म्हणाला, "मामा, अर्थिंग नाही." घराला अर्थिंग होतं, म्हणजे जमिनीत उतरवलेली तार, पण अंगणातल्या तिच्या खड्ड्यात पाणी कुणी कधी घातलं होतं देव जाणे. मार्चात सोलापूरची जमीन कसली असते ते तुम्हाला ठाऊक आहे. कोरड्या मातीतून करंट उतरत नाही आणि अर्थिंग मिळाल्याशिवाय चार्जर गाडीला हात लावू देत नाही. दाजींनी रात्री दहा वाजता चार बादल्या ओतल्या, मिठाची अख्खी पिशवी टाकली. शेजारच्या आजी गॅलरीतून विचारत होत्या, "काय पेरायलाव जावईबापू?" अर्ध्या तासाने हिरवा दिवा लागला. या प्लगवर तासाला जेमतेम तीन युनिट जातात, त्यामुळे सकाळी ९४ टक्क्यांवर निघालो.

आता रॅली म्हणजे शर्यत नव्हे, हेही दर वेळी सांगावं लागतं. ही वेळेची रॅली. हातात रोडबुक देतात. त्यात प्रत्येक वळणाचं चित्र असतं: ठिपका म्हणजे तुम्ही आलात ती बाजू, बाण म्हणजे जायची बाजू. सोबत ठरवून दिलेला वेग. मध्ये कुठेतरी बाभळीआड घड्याळ घेऊन माणूस बसलेला असतो. एक सेकंद उशीर झाला की एक गुण दंड, एक सेकंद लवकर पोहोचलात तर दोन. शिवाय इथे शेवटी किती युनिट जळले तेही मोजणार होते. एफआयए या मोटर स्पर्धांच्या जागतिक संघटनेच्या इकोरॅलीतही असंच वेळ आणि वीज दोन्ही तोलतात.

पहिला वेग ताशी ३६, म्हणजे सेकंदाला १० मीटर. ज्या माणसाने आयुष्यात पुढे एसटी दिसली की हॉर्न सोडला नाही, त्याला ताशी ३६ने चालवायला लावणं काय असतं, ते मी शेजारी बसून पाहिलं. सायकलवाला मागे वळून बघत होता.

पहिल्या टप्प्यात मात्र चूक माझी. आमचा मीटर १० किलोमीटरला १०.२ दाखवत होता. ती दुरुस्ती करायची होती, मी केली उलटी. जमेला नावे टाकलं म्हणा ना. त्या १० किलोमीटरला मीटरचा फरक २० सेकंदांचा, उलटा धरल्यावर ४०. दाजी काहीच बोलले नाहीत, आणि त्याचाच जास्त त्रास झाला.

तुळजापूरच्या घाटाचा भाच्याने फार धसका घेतला होता. पण सोलापूरहून तुळजापूर साधारण दोनशे मीटर उंच. माणसांसकट पावणेदोन टनांची गाडी तेवढी वर उचलायला हिशेबाने युनिटभरच लागतं. खरा खर्च एसीचा. एसी किलोमीटरवर नाही, तासावर खातो, म्हणून गाडी हळू चालवाल तितका तो महाग पडतो. हे समजल्यावर दाजींनी एसी बंद केला, भाच्याने चालू केला, असं नळदुर्गपर्यंत चाललं.

नळदुर्गला जेवणासाठी तासभर थांबा. किल्ल्यातल्या बंधाऱ्याच्या पोटातलं पाणीमहालाचं बांधकाम बघू म्हणून आम्ही उतरलो. नर-मादी धबधबे मार्चात कोरडे, पण बंधाऱ्याची भिंत पाहण्यासारखी आहे. भाचा गाडीतच बसला. गाणी चालू, दोन मोबाईल चार्जिंगला, पार्किंगचे चारी दिवे लुकलुकत. गाडी मात्र 'रेडी' म्हणजे चालायला तयार नाही, अर्धवट चालू. मग तोही आमच्यामागे आला. परतलो तर दारं रिमोटने उघडेनात. चावीने उघडून आत बसलो, पडदा काळा.

मोठी बॅटरी निम्म्याहून अधिक भरलेली आणि गाडी ठार! कारण गाडीला जागं करणारी, मोठ्या बॅटरीचा दरवाजा उघडणारी एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते, साध्या गाडीत असते तशीच. 'रेडी' असताना मोठी बॅटरी तिला भरत राहते. अर्धवट चालू ठेवली की ती एकटीच सगळं ओढते, आणि आमची होती जुनी.

उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर आला, थांबला. ड्रायव्हर म्हणाला, "धक्का मारू का?" याला धक्का चालत नाही, गिअरसुद्धा निघत नाही, हे समजावताना दाजींचा घसा सुकला. १२ व्होल्ट पाहिजे म्हटल्यावर तो हसला. "गाडी करंटची, अन् करंट ट्रॅक्टरचा मागायलाव?" सीटखालून दोन जाड वायरी काढल्या, लाल-काळ्याची जागा दोनदा तपासली, जोडल्या. पडदा उजळला. पैसे घेईना. दोन कडक भाकऱ्या आणि चटणी मात्र घेतली.

२२ मिनिटं गेली होती. त्यानंतर भाचा मागून न बोलता नुसते सेकंद मोजत होता, दाजी इतके गुमान चालवत होते की मला घड्याळ बघायची भीती वाटेना. बोरामणीच्या अलीकडे बाभळीखाली तो घड्याळवाला दिसला. त्या टप्प्यात आमचा दंड शून्य. ना एक सेकंद पुढे, ना मागे. दाजींनी तेव्हा हॉर्न वाजवला, दिवसातला पहिला.

१४ गाड्यांत आमचा नंबर अकरावा. युनिटच्या खर्चात मात्र दुसरा. उभी गाडी युनिट खात नाही म्हणून आला, असं आमचे भाऊबंद सांगत फिरतात. सांगू देत.

घरी पोहोचलो तेव्हा ताई दारातच होती. "काय हो, चार्जिंग संपलं का?" दाजींनी उत्तर दिलं नाही. आधी बादली उचलली आणि अंगणात गेले.