फ्रिजच्या उबेत लागलेले दही

साताऱ्यात थंडी पडली की आमच्याकडे दही धड लागत नाही. विरजण घातलेले भांडे रात्रभर ओट्यावर ठेवले तर सकाळी नुसते आंबूस दूध हाती येते. म्हणून काल रात्री ते भांडे रुमालात गुंडाळून फ्रिजच्या कोमट बाजूला टेकवून ठेवले आणि आज सकाळी चमचा उभा राहील असे दही मिळाले.

फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो हे शाळेत शिकलो होतो. परंतु कॉम्प्रेसरने खाल्लेली वीजही शेवटी उष्णता होऊन स्वयंपाकघरातच येते, याचा विचार कधी केला नव्हता. पूर्वी फ्रिजच्या पाठीवर काळी जाळी दिसे. आता बऱ्याच फ्रिजमध्ये त्या नळ्या बाजूच्या पत्र्याआड असतात, म्हणून तिथे ऊब लागते. दह्याच्या जिवाणूंना साधारण ४० ते ४५ अंश सेल्सिअस तापमान मानवते. कॉम्प्रेसर थांबला की ही ऊब ओसरते, त्यामुळे वेळ थोडा अधिक लागतो, एवढेच.

आईला मात्र यात काहीच नवल वाटले नाही. तिच्या माहेरी चुलीला वैल, म्हणजे त्याच जाळावर तापणारे बाजूचे दुसरे तोंड, होता. भाकरी होईपर्यंत त्याच जाळावर आमटी गरम राहायची, आणि दुधाचे मडके शेजारच्या निखाऱ्यांवर मंद तापत असायचे.

रुमालाने फ्रिजची बाजू झाकायची नाही, एवढे पथ्य पाळायला हवे. उष्णता कोंडली तर कॉम्प्रेसर जास्त चालतो आणि वीजबिल वाढते. आज इडलीचे पीठ तिथेच, पण चार बोटे अंतर सोडून ठेवले आहे.