तुम्ही विचारलंत म्हणून : मोठा पिकअप देऊन लहान ट्रक का घेतला?

"फोर्डचा मोठा एफ-१५० पिकअप देऊन त्यांचाच हा लहान मॅव्हरिक का घेतलात, आणि आता हळहळ वाटत नाही का?" हा प्रश्न ह्यूस्टनच्या आमच्या वस्तीतले शेजारी विचारतात, कचेरीतले सहकारी विचारतात आणि मंडळाच्या कार्यक्रमात भेटणारी तरुण मंडळी "काका, अगदी खरं सांगा" अशी प्रस्तावना करून विचारतात. टेक्सासमध्ये पूर्ण आकाराचा पिकअप ही दारात उभी असणारी नेहमीची गाडी आहे. ती देऊन कोणी मोटारीच्या सांगाड्यावर बांधलेला लहान ट्रक घेतला, की त्यामागे काहीतरी खास कारण असणार असे लोकांना वाटते. कारण आहे, पण ते उभ्या उभ्या दोन वाक्यांत सांगून होत नाही, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

एफ-१५० आमच्याकडे आला तो ट्रेलरसाठी. मुले शाळेत असताना आम्ही कॅम्पिंगचा ट्रेलर घेतला होता. पाणी, गॅस, भांडीकुंडी आणि अंथरुणे भरल्यावर त्याचे वजन सहा हजार पौंडांपर्यंत, म्हणजे पावणेतीन टनांच्या घरात जाई, आणि तो मागे लावून आम्ही गार्नर स्टेट पार्कपासून पालो ड्युरोच्या दरीपर्यंत टेक्सास पाहिले. त्या कामाला पाच लिटरचे, आठ सिलिंडरांचे व्ही-८ इंजिन आणि शिडीच्या आकाराची पोलादी चॅसी हवीच होती. एवढे वजन मागे असताना तो ट्रक चढावर ज्या निश्चिंतपणे चालायचा, त्याबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे. पुढे मुले कॉलेजात गेली, ट्रेलर विकला आणि ट्रक राहिला. त्यानंतर त्याच्याकडून आम्ही कोणती कामे घेतो हे मी एकदा नीट आठवून पाहिले. बागेसाठी मल्च (झाडांच्या बुंध्याशी पसरायचा लाकडाचा भुसा), गणपतीच्या मखरासाठी प्लायवूड, मंडळाची घडीची टेबले आणि मोठी पातेली, कधी कोणाचा सोफा. उरलेला सगळा वेळ मी एकटा त्यात बसून आय-१० महामार्गावरून कचेरीत जात होतो. ओढण्यासारखे काहीच उरले नव्हते, होते ते सगळे वाहण्याचे काम.

ट्रकची ओढण्याची क्षमता आणि वाहण्याची क्षमता यांतला हा फरक माझ्या निर्णयाच्या मुळाशी आहे, आणि जाहिरातींत तो नेमका पुसला जातो. ओढण्याच्या बाबतीत दोघांची तुलनाच होत नाही. योग्य इंजिन आणि साहित्य असलेला एफ-१५० तेरा हजार पौंडांपर्यंत ओढतो, तर माझ्याकडचा पुढच्या चाकांवर चालणारा हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेला) मॅव्हरिक केवळ २,००० पौंड. वाहण्याचे गणित मात्र निराळे आहे. चालकाचे दार उघडले की खांबावर टायरच्या हवेची माहिती देणारे एक स्टिकर दिसते आणि त्यावर माणसे व सामान मिळून किती वजन चालेल हे लिहिलेले असते. माझ्या एफ-१५० वर तो आकडा १,७०० पौंडांच्या आसपास होता. मॅव्हरिकची मर्यादा १,५०० पौंडांपर्यंत, म्हणजे ६८० किलो आहे. अडीच फुटांहून अधिक लांबी आणि इंजिनाचे चार सिलिंडर सोडून दिल्यावर पाठीवरचे ओझे जेमतेम दोनशे पौंडांनी कमी झाले. मोठा ट्रक घेतलेल्या आणि घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने आधी हे स्टिकर वाचावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण सनरूफ, मोठी चाके, विजेवर हलणाऱ्या खुर्च्या अशी चैनीची प्रत्येक सोय त्या आकड्यातूनच वजा होत जाते.

बागेच्या सामानाच्या वखारीत हे फार चांगले समजते. तेथे माल घन यार्डावर विकतात आणि लोडरचा चालक बादली भरून थेट ट्रकच्या हौद्यात ओततो. एक घन यार्ड म्हणजे २७ घनफूट आणि मॅव्हरिकच्या हौद्यात ३३ घनफूट जागा आहे, त्यामुळे कोरडा मल्च एक यार्ड सहज मावतो आणि वजनही आटोक्यात राहते. खडीचे तसे नाही. यार्डभर खडी सुमारे २,७०० पौंड भरते, तेव्हा अर्धा यार्ड टाकून मी चालकाच्या जागी बसलो की मर्यादा संपलीच. पण हीच यार्डभर खडी एफ-१५० च्या हौद्यात ओतली, तर जागा भरपूर उरते आणि स्टिकरवरचा आकडा मात्र हजार पौंडांनी ओलांडलेला असतो. मागच्या स्प्रिंगच्या पाट्या दबलेल्या, पुढचा भाग उचललेला आणि दिवे झाडांच्या शेंड्यांवर पडत आहेत, असे मोठे पिकअप मी त्या वखारीतून बाहेर पडताना पाहिले आहेत. हौदा मोठा म्हणून वजनही अधिक पेलेल, हा समज जितका सर्वत्र आहे तितकाच धोक्याचा आहे.

हौदा साडेचार फूट लांब आहे हे ऐकून लोक मान हलवतात, म्हणून त्याचा वापर जवळून सांगतो. मागचा फाळका पूर्ण पाडला की तळाची लांबी सुमारे सहा फूट होते. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळ मॅटागोर्डाजवळ किनाऱ्यावर आदळले आणि ह्यूस्टनभर लाकडी कुंपणे आडवी झाली, त्यांत आमचेही होते. कुंपणाच्या सीडरच्या पट्ट्या सहा फुटीच असतात, त्या फाळक्याच्या कडेपर्यंत सपाट बसल्या. खांब आठ फुटी होते, ते कोपऱ्यातून तिरके घालून टोकाला लाल फडके बांधले. प्लायवूडसाठी याहून चांगली युक्ती आहे. फाळक्याच्या दोन्ही बाजूंच्या तारा वरच्या खुंटीला अडकवल्या की तो अर्धवट उघडा राहतो आणि त्याची वरची कड चाकांवरच्या उंचवट्यांच्या बरोबर पातळीत येते. मग चार बाय आठ फुटांचा प्लायवूडचा तक्ता उंचवट्यांवर आणि फाळक्यावर टेकून अगदी आडवा राहतो. बाजूच्या भिंतींना खाचा आहेत, त्यांत लाकडी फळ्या उभ्या-आडव्या बसवून हौद्याचे कप्पे करता येतात, आणि मंडळाची पातेली एकमेकांवर आपटू नयेत म्हणून मी ते केले आहेत. हौद्याची कड माझ्या छातीपेक्षा खाली येते, त्यामुळे तळाशी ठेवलेली पिशवी बाहेर उभे राहून उचलता येते. मोठ्या ट्रकमध्ये त्यासाठी मला दर वेळी हौद्यात चढावे लागे, आणि साठीकडे झुकलेल्या गुडघ्यांना हा फरक कळतो.

मोटारीच्या सांगाड्यावर बांधलेला ट्रक म्हणजे नेमके काय, हेही अनेकजण विचारतात. पारंपरिक पिकअपमध्ये खाली स्वतंत्र चॅसी असते आणि केबिन व हौदा तिच्यावर वेगवेगळे बसवलेले असतात. मॅव्हरिकमध्ये केबिन, तळ आणि हौदा ही एकच जोडलेली रचना आहे. फोर्डच्या एस्केप आणि ब्रॉन्को स्पोर्ट या गाड्या ज्या पायावर उभ्या आहेत, त्याच पायावर हा ट्रकही उभा आहे. याचा परिणाम रिकाम्या ट्रकमध्ये सर्वांत जास्त जाणवतो. एफ-१५० च्या मागच्या पाट्या ओझ्यासाठी बेतलेल्या असतात, म्हणून हौदा मोकळा असला की पुलाच्या प्रत्येक सांध्यावर मागचा भाग उसळतो, आणि आमच्यासारख्यांच्या ट्रकचा हौदा बहुतेक वेळ मोकळाच असतो. ही कल्पना नवी नाही. फोर्डने १९५७ मध्ये रँचेरो आणि शेव्हरोलेने १९५९ मध्ये एल कमिनो आणली, त्या मोटारींवर बांधलेल्या पिकअपच होत्या. होंडाची रिजलाइन २००५ मध्ये आली, ह्युंदाईची सांताक्रूझ २०२१ मध्ये आली, आणि त्याच वर्षी मॅव्हरिक जाहीर झाला तेव्हा त्याची सुरुवातीची किंमत २०,००० डॉलरच्या किंचित आत होती.

मग मधली कित्येक वर्षे अमेरिकेत लहान ट्रक मिळेनासे का झाले होते? याचे एक कारण कोंबड्यांशी जोडलेले आहे. युरोपने अमेरिकी कोंबड्यांच्या आयातीवर जबर कर बसवला, त्याला उत्तर म्हणून अमेरिकेने १९६४ पासून आयात होणाऱ्या हलक्या ट्रकवर २५ टक्के कर लावला. कोंबड्यांचे भांडण विरले, ट्रकवरचा कर राहिला, आणि जपान व युरोपातून येऊ शकणाऱ्या लहान पिकअपची वाट त्याने बंद केली. मॅव्हरिक मेक्सिकोतल्या एर्मोसियोमध्ये तयार होतो, आणि बाजारात आला तेव्हा उत्तर अमेरिकेतल्या व्यापार करारामुळे या करातून सुटलेला होता. दुसरे कारण इंधनाच्या नियमांतले आहे. चार चाकांमधले क्षेत्रफळ जितके मोठे, तितकी मायलेजची अपेक्षा सौम्य, अशी त्यांची रचना झाली, त्यामुळे कंपन्यांना मोठा ट्रक विकणे सोयीचे ठरले. फोर्डचा जुना लहान पिकअप रेंजर ज्या कारखान्यात बनत होता, तो मिनेसोटातला सेंट पॉलचा कारखाना डिसेंबर २०११ मध्ये बंद झाला. लहान ट्रक कोणाला नकोच होते, असे ठामपणे सांगणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

आता "ॲव्हरेज किती?" या प्रश्नाचे उत्तर. सरकारी आकड्यांप्रमाणे माझा जुना ट्रक गॅलनला शहर आणि महामार्ग मिळून १८ मैल देत होता, आणि २०२२ चा हायब्रिड मॅव्हरिक ३७ देतो. लिटरच्या हिशेबात साडेसात आणि साडेपंधरा किलोमीटर. वर्षाला बारा हजार मैल चालवणाऱ्याचे सुमारे ३४० गॅलन पेट्रोल वाचते. शहरात ४२ आणि महामार्गावर ३३ हे त्याचे आकडे नेहमीच्या गाड्यांच्या उलट दिसतात, याचे कारण ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत जाते. आय-१० वर सकाळी गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत असतात, तेव्हा इंजिन बहुतेक वेळ बंदच असते. मोकळ्या रस्त्यावर ७५ मैलांच्या वेगाने डॅलसला निघालो की हवेचा विरोध सगळा हिशेब बिघडवतो, हेही सांगितले पाहिजे.

पैशांपेक्षा माझ्या मनावर जास्त परिणाम करणारी गोष्ट वेगळी आहे. मंडळाचे कार्यक्रम शाळांच्या सभागृहांत होतात आणि कार्यक्रम संपला की मुले पार्किंगमध्ये धावत सुटतात. एफ-१५० मध्ये बसून समोर पाहिले, तर बॉनेटच्या पलीकडे उभे असलेले चार-पाच वर्षांचे मूल दिसत नसे, म्हणून ट्रक काढताना मी पत्नीला पुढे उभे राहायला सांगत असे. इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ज्यांच्या बॉनेटची उंची ४० इंचांहून अधिक आहे अशा गाड्यांनी पादचाऱ्याला धडक दिली, तर मृत्यूची शक्यता ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त असते. मॅव्हरिकही सेदान मोटारीइतका ठेंगणा नाही, पण समोरचा रस्ता आणि त्यावरची माणसे मला आता पुष्कळ जवळून दिसतात. आपली गाडी दुसऱ्याच्या मुलाला किती धोक्याची आहे, हा प्रश्न गाडी घेताना किंमत आणि मायलेज यांच्या आधी विचारला गेला पाहिजे.

घरातल्यांचाही यात वाटा होता. माझी आई पुण्याहून येते तेव्हा तिला एफ-१५० मध्ये चढवणे हा एक सोहळा असे. पायरीवर पाय, डाव्या हातात साडीच्या निऱ्या, उजवा हात खांबावरच्या मुठीला, आणि मागून मी आधार देणार. "अरे, एवढी उंच गाडी कशाला हवी रे?" असे ती प्रत्येक वेळी म्हणायची. मॅव्हरिकच्या खुर्चीवर ती आधी बसते, मग पाय आत घेते, आणि कोणाची वाट पाहत नाही. पुण्यातल्या नातेवाइकांना मात्र पिकअप म्हटले की भाजी किंवा दूध वाहणारी बोलेरो डोळ्यांसमोर येते, त्यामुळे आम्ही कसला धंदा करतो याची चौकशी दोन्ही ट्रकांच्या वेळी सारख्याच आपुलकीने झाली.

जे गेले, तेही सांगायला हवे. मागच्या आसनावर तीन मोठी माणसे दाटीवाटीने बसतात, आणि आमची मुले सुट्टीत घरी आली की ते जाणवते. १९१ अश्वशक्ती रोजच्या कामाला पुरते, पण पूर्ण ओझे घेऊन महामार्गावर शिरताना पुढची मोकळी जागा आधीच हेरावी लागते. केबिनमध्ये रस्त्याचा आवाज जास्त येतो. सोफा आणायचा झाला तर मी हार्डवेअरच्या दुकानातून तासांवर मोठा ट्रक भाड्याने घेतो. तशी वेळ फार क्वचित येते, आणि तेवढ्यासाठी वर्षभर वीस फुटांची गाडी गॅरेजच्या दाराशी इंच इंच मोजत लावण्याची आवश्यकता मला वाटत नाही.

ज्यांच्याकडे बोट आहे, घोड्यांचा ट्रेलर आहे किंवा कॅम्पिंगचा छंद अजून चालू आहे, त्यांनी माझे अनुकरण करू नये. ट्रेलर भरल्यावर २,००० पौंडांच्या आत राहत असेल, तर माझ्यासारखा हायब्रिड चालेल. ४,००० पर्यंत जात असेल, तर ओढण्याचे पॅकेज असलेला टर्बो इंजिनाचा मॅव्हरिक किंवा २०२५ पासून मिळणारा चारही चाकांवर चालणारा हायब्रिड त्याच पॅकेजसह पाहावा. ५,००० पौंडांपर्यंत चारही चाकांवर चालणारी रिजलाइन आहे. त्यापुढे शिडीच्या चॅसीचा मोठा ट्रकच हवा, आणि तुमच्याकडे तो असेल तर विकू नका. ट्रेलरचे वजन मात्र विक्रेत्याच्या कागदावरून घेऊ नका, कारण तेथे बहुधा रिकाम्या ट्रेलरचा आकडा असतो. प्रवासाला निघताना असतो तसा सगळा भरून वजनकाट्यावर न्या आणि मग ठरवा.