मागच्या गेटाच्या किल्लीसाठी ७१ दिवस

आमच्या सोसायटीच्या मागच्या बाजूला एक लोखंडी गेट आहे. पलीकडे उसाच्या शेतांमधून जाणारी कच्ची वाट, वाटेच्या कडेनं पाण्याचा पाट आणि पुढं ओळखीच्या एका शेतकऱ्याची विहीर. गेटाला कायम कुलूप. त्या कुलपाची दुसरी किल्ली मिळवायला मला ११ फेब्रुवारी ते २३ एप्रिल असे ७१ दिवस लागले. चावीवाल्यानं ती दहा मिनिटांत करून दिली. अजून राग गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

किल्ली कशाला हवी होती ते आधी सांगते. आमच्या घरी तारा आणि सोन्या असे सायबेरियन हस्की जातीचे दोन कुत्रे आहेत. दिरांना नोकरीसाठी परदेशी जावं लागलं आणि दोघं आमच्याकडे आले. आम्ही होऊन विकत आणले नसते, आणि कोल्हापुरात कुणी आणूही नयेत असं मला मनापासून वाटतं. पण दारात आलेल्या जिवाला नाही कसं म्हणणार? सायबेरियाच्या ईशान्य टोकाला चुकची लोकांनी ही जात स्लेज, म्हणजे बर्फावरून घसरणारी गाडी, ओढण्यासाठी वाढवली. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा २० चालकांनी आळीपाळीनं असल्याच स्लेजच्या कुत्र्यांच्या जोरावर सुमारे १,०८५ किलोमीटर बर्फ तुडवत साडेपाच दिवसांत औषध पोचवलं होतं. तीच रग आमच्या कळंब्याकडच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये नांदते आहे.

तिकडच्या कुत्र्यांचा हंगाम बर्फ वितळलं की संपतो. उन्हाळ्यात त्यांना आराम, आणि गारठा सुरू झाला की चाकाच्या गाड्याला जुंपून पुन्हा तयारी. आमचा हंगाम म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटा, पारा १५ च्या आसपास येतो तेवढ्याच. उद्यमनगरातल्या एका वेल्डरनं जुन्या सायकलींची चाकं लावून तीनचाकी गाडा करून दिला. जुंपायचे पट्टे चप्पल लाइनच्या मागे बॅगा शिवणाऱ्या एकानं नायलॉनमध्ये शिवले, छातीपाशी आतून जाड अस्तर लावून. ते दोन महिने कसे गेले कळलंच नाही. तारा पुढं, सोन्या मागं, मी गाड्यावर ब्रेक धरून.

फेब्रुवारी लागला आणि मी गाडा बंद केला. बंद झाला तो गाडा. त्यांच्या अंगातली रग बंद झाली नाही. पहिल्या आठवड्यात सोफ्याची एक बाजू गेली, मग बाल्कनीच्या दाराची चौकट. तारानं कुंड्यांमधली माती उकरून सगळ्या हॉलभर केली. तळमजल्यावर एक आप्पा राहतात, तरुणपणी तालमीत होते. त्यांना मी हे सांगितलं तर म्हणाले, "पोरी, पैलवानाला बिनमेहनतीचा बसवला की त्यो घर मोडतोय. ह्यांचंबी तसंच हाय. कुस्ती नसली तरी मेहनत पायजे."

मेहनत करायची कधी? एप्रिलमध्ये इथं पहाटेसुद्धा पारा बावीस-तेवीसच्या खाली उतरत नाही. सूर्य वर आला की खेळ संपला. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकून जिभेवरून जेवढी वाफ जाईल तेवढाच गारवा. म्हणून साडेचार ते पावणेसहा एवढीच वेळ, तीही गाड्याविना, नुसतं चालणं आणि पाटात डुंबणं. पुढच्या गेटानं बाहेर पडलं तर रस्त्यावर आठ-नऊ भटक्या कुत्र्यांची टोळी असते. जानेवारीत सोन्याचा कान त्यांनी फाडला होता. टाके पडले, रेबीजची इंजेक्शनं झाली. मागच्या गेटातून बाहेर पाऊल टाकलं की थेट माती आणि ऊस. टोळी तिकडं फिरकत नाही.

वॉचमनमामांना विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, ती किल्ली माझ्याकडं न्हाई ओ. सेक्रेटरी सायबांच्यात असतीय." सेक्रेटरी म्हणाले, "द्या की एक अर्ज, त्यात काय!" मी त्याच संध्याकाळी अर्ज लिहून त्यांच्या हातात दिला.

माझी चूक इथंच झाली. एकच प्रत दिली आणि पोहोच घेतली नाही. शेजारची माणसं, रोज तोंडं बघायची, त्यांच्याकडे सही-शिक्का मागायचा म्हणजे कसंतरीच वाटलं. फेब्रुवारीअखेरच्या कमिटी मीटिंगला कोरम भरला नाही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात विचारायला गेले तर "कुठला अर्ज?" फाइलमध्ये तो नव्हताच. महिना वाया गेला. दुसरा अर्ज दोन प्रतींत दिला, आणि सही व तारीख पडल्याशिवाय तिथून हलले नाही. कुणाकडेही अर्ज द्याल, शेजारी असो की सख्खा मामा, पोहोच घ्या.

मग कागद मागणं सुरू झालं. लसीकरणाची कार्डं दिली. दोघांचे फोटो दिले. स्टॅम्प पेपरवर हमीपत्र दिलं. पाळीव कुत्र्यांबाबत भारतीय पशू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना छापून नेल्या. सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर किंवा त्यांच्या लिफ्ट वापरण्यावर बंदी घालता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. लिफ्टवरून कुरबुर चालली होती, ती त्या कागदानं एका दिवसात थांबली. पण गेटाच्या किल्लीबद्दल त्यात अवाक्षर नाही, आणि सेक्रेटरींनी ते बरोबर हेरलं. "मॅडम, कुत्र्यांना कोण नाही म्हणतंय? प्रश्न सिक्युरिटीचा आहे."

मार्चच्या मीटिंगला मी स्वतः बसले. किल्लीचा विषय निघायच्या आधीच ओरडण्याचा निघाला. हस्की भुंकतात कमी, पण लांडग्यासारखा गळा काढतात. हमरस्त्यावरून ॲम्ब्युलन्स गेली की आमचे दोघं तिच्या सुरात सूर लावतात. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना दुपारची झोप लागत नव्हती, त्यांची तक्रार खरीच होती. मी तिथंच कबूल केलं की दुपारी खिडक्या बंद आणि कूलर चालू ठेवीन, म्हणजे सायरन आत कमी येईल. ते आजतागायत पाळते. पण यावर पाऊण तास गेला आणि किल्ली "पुढच्या मीटिंगला" गेली. तोवर एक तोडगा मिळाला. मी रोज सहा वाजता सेक्रेटरींच्या दारात जायचं, ते उठले की किल्ली घ्यायची, फिरून आल्यावर परत द्यायची.

सहा म्हणजे सव्वासहा व्हायचे, कधी साडेसहा. मी जिन्यात उभी, खाली वॉचमनमामा दोघांना धरून, आणि बाहेर उजाडत चाललेलं. बेल वाजवायची तरी किती वेळा? तो प्रत्येक मिनिट माझ्या डोक्यात घणासारखा बसायचा. यांना मी काय सोनं-नाणं मागत होते?

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एके दिवशी किल्ली पावणेसातला मिळाली. परत फिरायला हवं होतं. पण रात्रभर दोघांनी घर डोक्यावर घेतलं होतं, म्हणून मी गेले. सव्वासातला विहिरीच्या अलीकडे तारा वाटेतच बसली. हिरड्या विटेसारख्या लाल, तोंडातून चिकट लाळेच्या तारा, उठवायला गेले तर मागचे पाय लटपटले. त्या क्षणी पोटात जो गोळा आला तो विसरणार नाही. शेतकरीदादांनी मोटर चालू केली आणि आम्ही पाइपनं तिला भिजवत राहिलो, पोट, जांघा, पंजे. दादांनी टोपलीनं वारा घातला. मग त्यांच्याच टेम्पोतून डॉक्टरांकडे. तिथं ताप १०४.८ फॅरनहाइट भरला. एरवी कुत्र्याचं १०१ ते १०२.५ असतं. डॉक्टर म्हणाले, आधी भिजवून मग आणलंत म्हणून बचावली. नळाचं साधं पाणी चालतं. ओला टॉवेल पांघरून ठेवायचा नाही, त्याखाली उष्णता कोंडते. हे पाठ करून ठेवा.

त्या संध्याकाळी मी तिसरा अर्ज लिहिला. विनंती काढून टाकली आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. खाली चार गोष्टी मांडल्या: माझ्या खर्चानं दुसरी किल्ली करून दोनच किल्ल्या, एक त्यांच्याकडे एक माझ्याकडे, जाता-येता वेळ टाकून सही करायची वही, बाहेर पडल्यावर गेटाला लगेच कुलूप, चोरीची चौकशी झाली तर ती वही पुढं करायची. हे फेब्रुवारीतच सुचायला हवं होतं. "किल्ली द्या" म्हटलं की समोरच्याला फक्त जोखीम दिसते. त्याची जोखीम आपणच कागदावर बांधून दिली की त्याला नाही म्हणायला जागा उरत नाही.

मीटिंगला आप्पा आले. ते कमिटीत नाहीत, पण त्यांना अडवणार कोण? खुर्चीत बसून एवढंच म्हणाले, "मुकं जनावर हाय. आज द्या न्हाईतर सरळ न्हाई म्हणा. लोंबकळत ठेवू नका." ठराव पाच मिनिटांत झाला.

तरी पत्र हातात यायला आणखी दिवस गेले, कारण चेअरमन जोतिबाच्या चैत्र यात्रेला गावी गेलेले आणि सही त्यांचीच लागणार. यात्रेवरून ते आले, गुलालानं माखलेल्या पिशवीतून खोबऱ्याचा प्रसाद दिला आणि तिथंच उभ्या-उभ्या सही केली. २३ एप्रिल, संध्याकाळी सात.

दुसऱ्या दिवशी साडेचारला मी स्वतःच्या हातानं ते गेट उघडलं. अंधार, पाटाचं पाणी वाजतंय, ऊस सळसळतोय. दोघं पाटात शिरले ते बाहेर यायला तयार नाहीत. मी काठावर बसून रडले, खरंच सांगते.

आता बाकीचं, आठवेल तसं. अंगावरचे केस कधीच भादरू नका. आमच्या शेजारपाजारच्यांनी शंभरदा सांगितलं, "कापा की वो, बिचाऱ्यांना उकडतंय." तो केसांचा दुहेरी थर उन्हाच्या झळा अडवतो, आणि एकदा भादरला की पुन्हा धड येईल याची खात्री नसते. आतली लव उन्हाळ्याच्या तोंडाला गठ्ठ्यांनी सुटते, तेव्हा रोज लोखंडी दातांच्या फणीनं विंचरायचं, म्हणजे वारा कातडीपर्यंत जातो.

दुपारी टबात बर्फाच्या लादीचा तुकडा टाकते. त्याच्याशी झटापट करण्यात दोघांचा तास जातो. कोंबडीचं बिनमिठाचं पाणी डब्यात गोठवून देते. घरातला तांबडा-पांढरा मात्र थेंबभरही नाही, कारण कांदा-लसूण कुत्र्यांना विषारी आहे. शिजवलेली हाडंही नाहीत, त्यांच्या कपच्या होतात. गोणपाटाच्या दहा घड्यांत खाऊ लपवून शोधायला लावला की दोघं चालून आल्यासारखे दमतात. डोक्याला काम दिलं की सोफा वाचतो.

डांबरावर नेण्याआधी पालथा हात सात सेकंद टेकवून बघा. टेकवत नसेल तर त्यांचे पंजेही टिकणार नाहीत. संध्याकाळी सातलासुद्धा रस्ता तापलेलाच असतो.

पावसाळा सोपा जाईल असं मला वाटलं होतं. तसं नाही. हवा दमट असली की जिभेवरची वाफ लवकर जात नाही, म्हणून पारा २४ असला तरी त्यांना धाप लागते. त्यात ओली लव वाळत नाही आणि कातडीला चट्टे पडतात. भिजून आले की पंख्याखाली मुळापर्यंत कोरडे करते. गोचिडांसाठी बोटांच्या बेचक्या आणि कानामागं रोज बघते. साचलेल्या पाण्यात उतरू देत नाही, आणि अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टो रोगाची लस जूनच्या आधीच टोचून घेते.

पत्राची मुदत एक वर्षाची आहे. पुढच्या एप्रिलचा अर्ज मी आत्ताच लिहून ठेवलाय, दोन प्रतींत. जानेवारीतच देणार आहे.